पहिल्या खुर्चीतला उजवा हात

उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नखाच्या खाली साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर, चवळीच्या दाण्याएवढा फोड होता. आतलं पाणी स्वच्छ, कडेला बारीक लाल रेघ. म्हणजे फार तर एक दिवसाचा. ताकिवाने बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. चटका कधी बसला ते तिला आठवत नव्हतं, कारण बसलेला कळलाच नव्हता.

"कालचं सूप," सेरवा म्हणाली. "मी भांडं नुकतं उतरवलं होतं आणि तू तसाच फुफूच्या उकडीचा घास बुडवलास. मला वाटलं, पोरांना मारून मारून बाईंचे हात राठ झालेत."

"मी कधी कुणाला मारलं नाही."

"म्हणूनच तुझी पोरं नापास व्हायची."

सेरवा तिची धाकटी बहीण. बेक्वायच्या बाजारात कापड विकायची आणि बोलायला कुणाची भीड ठेवायची नाही. ताकिवाने त्याच गावात सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. एखादी गोष्ट कळली नाही की ती वहीत दोन रकाने आखायची, हा तिचा जुना शिरस्ता. आताही वही होती. एका रकान्यात 'बधिर', दुसऱ्यात 'जळजळ'. अडचण अशी की एकच बोट दोन्ही रकान्यांत येत होतं. उकळत्या सुपाची ज्याला खबर नाही, त्याच बोटाला चादरीची कड लागली तरी विस्तवावर ठेवल्यासारखं होई. बधिर असेल तर दुखायला नको. दुखत असेल तर भाजलेलं कळायला हवं. तिने हे इतक्यांदा मनात मांडलं होतं की आता शब्दांचाही अर्थ लागेनासा झाला होता.

एकदा तिने डोळे मिटून हात पुढे केला होता आणि सेरवाच्या हातात दोरा दिला होता. "कुठल्या बोटाला लावतेस ते मी सांगते."

"सांग."

"मधलं."

"अगं, मी अजून दोरा सोडवतेय."

त्यानंतर ती परीक्षा पुन्हा झाली नाही.

स्तनातल्या गाठीची केमो ऑक्टोबरच्या शेवटी संपली. जानेवारीत ताकिवा आनंदाचं पांढरं वस्त्र नेसून चर्चमध्ये उभी राहिली. आजार गेला, देवाचे आभार, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. पाद्रीबुवांनी तिचे दोन्ही हात वर धरले, लोक रुमाल फिरवत नाचले. त्या वेळी तळव्यांत मुंग्या होत्या. नाचून झाल्यावर जातील असं तिला वाटलं. मुंग्या गेल्या नाहीत. मार्चमध्ये त्या पायांतही उतरल्या. एकदा एका पायातली चप्पल बाजारात कुठे सुटली ते तिला घरी आल्यावर समजलं.

आणि मे महिन्यात आई गेली.

आईला इस्पितळाच्या थंड खोलीत ठेवलं होतं. अंत्यविधी जुलैच्या शेवटच्या शनिवारी ठरला. परदेशातली भाचरं यायची होती, मंडप, खुर्च्या, शोकाचं लाल-काळं कापड, सगळं जमवायचं होतं. थोरली मुलगी म्हणून पहिली खुर्ची ताकिवाची. येणारा प्रत्येक माणूस उजवीकडून सुरुवात करून एकेकाच्या हातात हात देत पुढे जाणार. मग ते बसले की घरच्यांनी उठून पुन्हा त्यांच्याकडे जायचं, पुन्हा हात. आईला ओळखणारे पाचशे तरी येतील, म्हणजे हजार वेळा. आई गेल्यानंतर आठव्या दिवशी झालेल्या बैठकीत शंभरेक हात झाले होते. त्यातले काही पुरुष हात सोडताना बोटाला बोट अडकवून चुटकी वाजवत. त्यानंतर तीन दिवस ताकिवाला ब्लाउजचं बटण लावता आलं नव्हतं.

तेव्हा तिच्यापाशी आठ आठवडे होते, आणि ती उपायाला लागली.

कुमासी शहरातल्या, केमो देणाऱ्या डॉक्टर लाम्प्टी बाईंनी तळव्यांवर बारीक सुई फिरवून पाहिली. "औषधाने नसांची टोकं दुखावली आहेत. असं होतं."

"कधी बरं होईल?"

"काहींचं वर्षात कमी होतं. काहींचं थोडं राहतं."

"माझं?"

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम."

ताकिवाने वही उघडली. "आजार परत आला असेल तर असं होतं का?"

"नाही. हा आजाराचा त्रास नाही, इलाजाचा आहे."

हे उत्तर तिने वहीत लिहून घेतलं, पण ते कुठल्या रकान्यात टाकावं ते सुचलं नाही. बाईंनी झोपताना घ्यायची एक लहान गोळी दिली. गावातल्या औषधवाल्याने चिठ्ठी वाचून आवाज खाली आणला. "मॅडम, ही तर मनाच्या उदासीची गोळी. आईमुळे का?" ताकिवाने पैसे मोजून ठेवले. डॉक्टरना तिचं दुखणं मनातलं वाटत होतं की काय? पुढच्या भेटीत त्यांनी समजावलं की तीच गोळी नसांनाही लागू पडते. पण तोवर पंधरा दिवस गोळ्या डब्यातच राहिल्या होत्या. नंतर घेतल्या तर तोंडाला कोरड पडली, सकाळी दहापर्यंत डोकं जड. जळजळ जरा कमी झाली. की झोपेत असल्यामुळे कळत नव्हती? शून्य ते दहामध्ये ती रोज एक आकडा लिहायची. सहा, चार, सात, चार, आठ. त्या आकड्यांतून कुठलीच रेषा निघेना.

सेरवाचे उपाय वेगळे. शियाच्या बियांच्या लोण्यात आलं, मिरचीचा लेप, गरम पाण्यात मीठ.

"हे नाही चाललं तर मिरचीच्या पाण्याचा एनिमा, थेट मागच्या दाराने," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "आई आपल्या सगळ्या दुखण्यांवर तेच द्यायची."

"दुखतात हात."

"तरी तू पळत सुटशील ना. हातांची आठवण राहणार नाही."

ताकिवा खूप दिवसांनी हसली. मिरचीच्या लेपाने दोन बोटांना बरं वाटलं आणि तिसऱ्याची साल निघाली.

लोकांना सांगून टाक, असं सेरवा रोज म्हणायची. ताकिवाच्या ओठांवर यायचं आणि तिथेच अडायचं. कारण होती अफ्रिये. चर्चच्या गायकवृंदातली ही चाळिशीची बाई गाठ लपवून दोन वर्षं जडीबुटी घेत होती. जानेवारीत ताकिवाला पांढऱ्या वस्त्रात पाहून ती कुमासीला गेली. आता तिची केमोची दुसरी फेरी झाली होती. मागच्या रविवारी तिने ताकिवाला चर्चच्या दारात गाठून विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही त्रास राहिला का? खरं सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानते."

"नाही," ताकिवा म्हणाली होती. हात तिने कापडात गुंडाळून घेतले होते.

हे खोटं बोलून आपण अफ्रियेला वाचवलं की फसवलं, हेही तिला ठरवता येत नव्हतं.

त्याच रविवारी, त्याच दारात, नाना क्वार्तेंगनी हात पुढे केला होता. ते वडिलांच्या घराण्यातले सर्वांत वयस्क, म्हणून मानाने नाना. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा त्यांच्याच माणसांनी आईला घराबाहेर काढून दाराला कुलूप लावलं होतं. न्सिया मामांनी वर्षभर खेटे घालून तो तंटा मिटवला. ताकिवाने हात कापडातच ठेवला आणि मान झुकवली. डावा हात देणं तर त्याहून वाईट. नानांचा हात काही क्षण हवेत राहिला.

अंत्यविधीला तीन दिवस उरले असताना, बुधवारी मामा आले. आईचे धाकटे भाऊ, आता घराण्याचे प्रमुख. मंडपाची यादी त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि ती न वाचताच विचारलं, "क्वार्तेंगला हात दिला नाहीस म्हणे."

"मामा, ते तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

सेरवाने स्वयंपाकघरातून भांडं मुद्दाम जोरात ठेवलं. ताकिवाने हात कापडात आणखी आत ओढले.

"घराचा राग धरून बसली आहेस," मामा म्हणाले. "धर. पण तुझी आई थंड खोलीत पडली आहे. तिच्या नवऱ्याच्या घराण्याने रीतीप्रमाणे शवपेटी आणली नाही तर तिला मातीत कसं घालायचं? उद्या ते लोक इथे येतायत. मी त्यांच्यापुढे रीतीची जिनची बाटली ठेवतो, माफी मागतो. तू फक्त हात दे. बाकी माझ्यावर सोड."

"नुसतं नमस्कारासारखं मान झुकवून..."

"हात, ताकिवा. मान काय, कोंबडीही झुकवते."

रात्री तिने गोळी घेतली नाही. सकाळी डोकं साफ हवं होतं. त्यामुळे हात मात्र जागे राहिले.

गुरुवारी दहा वाजता वडिलांकडची सात माणसं अंगणात आली. मामा आणि त्यांचा निवेदक मध्ये बसले होते. थोरामोठ्यांचं बोलणं एकमेकांपर्यंत न्यायचं काम निवेदकाचं. उजवीकडून पहिली ताकिवा. तिने मनाशी ठरवलं होतं, सातच तर आहेत, दात आवळायचे. पण सात झाले की शनिवारचे हजार राहतात. आणि आज दिला की शनिवारी न द्यायला काय सांगणार? आज नाही दिला तर आई तशीच राहील. दिला तर हात जातील. तिला आपल्याच विचाराचं एक टोक सापडत होतं, दुसरं नाही.

नाना क्वार्तेंग समोर आले. काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात पुढे आला, सुरकुतलेला, मोठा.

"लेकी," ते म्हणाले, "म्हातारा वाट बघतोय. का अजून आमच्या दाराचं कुलूप आठवतंय?"

मागे कुणीतरी घसा खाकरला. मामा तिच्याकडे पाहत नव्हते.

ताकिवा उठली. पाय नीट टेकले आहेत की नाही ते कळेना, म्हणून तिने खाली पाहून खात्री केली. मग तिने कापडातून दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे वर करून नानांसमोर धरले. सोललेलं बोट, फोड, सुजलेली पेरं.

"निवेदक, नानांपर्यंत पोहोचवा," ती म्हणाली. आवाज वर्गात असायचा तसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "कुलूप मी विसरले. माझी गाठ केमोने गेली, पण त्याच औषधाने हाता-पायांच्या नसा दुखावल्यात. भाजलेलं कळत नाही आणि कुणी नुसता हात लावला तरी जळतं. हे का, कधीपर्यंत, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. जानेवारीत मी हे सांगितलं नाही."

निवेदकाने मामांकडे पाहिलं. मामांनी हळूच मान हलवली. निवेदक बोलायला लागला, पण नानांनी हात वर करून त्याला थांबवलं. तोच हात. त्यांनी वाकून तिच्या बोटाकडे नीट पाहिलं, न शिवता, आणि काठी पुन्हा उजव्या हातात घेतली.

"इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"मी सांगितलं तर बायका कुमासीला जायच्या थांबतील असं वाटलं. अजूनही वाटतं. अफ्रियेला मी आज स्वतः जाऊन सांगणार आहे, त्रास राहतो हेही आणि मी जिवंत आहे हेही. तिचं तिने ठरवावं."

"आणि शनिवारचं?" मामांनी विचारलं. एवढा वेळ त्यांनी निवेदकाशिवाय एक शब्द उच्चारला नव्हता. "थोरली लेक हात देणार नाही, तर लोक काय समजतील? सेरवाला बसवू का पुढे?"

सेरवा दारात उभी होती.

"नाही," ताकिवा म्हणाली. "पहिल्या खुर्चीत मीच बसेन. आणि शनिवारी मी कुणालाच हात देणार नाही. का देणार नाही ते भोंग्यावरून सगळ्यांना सांगा."