खोल खाचेचं पान

दसऱ्याला आपटा समजून कांचनाचं पान हातावर ठेवायची चूक निम्मं नागपूर करतं आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातं. मनोहररावांना मात्र ती चांगलीच भोवली.

वाटणीचं वर्ष होतं ते. गोळीबार चौकामागच्या घरातले हातमाग दोघा भावांत वाटले गेले आणि थोरले बाबनराव उमरेडला राहायला गेले. कोणी कोणाचं लाटलं, याची कुजबुज दोन्हीकडे होतीच. तरी मनोहरराव दसऱ्याला उमरेडला गेले, भावाच्या पाया पडले आणि सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्याबाहेरून तोडून आणलेलं पान त्यांनी पुढे केलं. बाबनरावांनी ते चार माणसांदेखत उलटंपालटं करून पाहिलं.

"हा आपटा नोहे गा, कांचन आहे. जसा तू, तसं तुझं सोनं." आणि पान अंगणात भिरकावलं.

मनोहरराव पाणीही न पिता परतले. आता स्वतःच्या दारचं अस्सल सोनं घेऊनच या उंबऱ्यावर येईन, असं त्यांनी ठरवलं. बाजारातून आपट्याची जुडी घेतली असती तर काही अडलं नसतं. पण मानी माणसाला सोपी वाट दिसेल तर शपथ!

मग त्यांना झाडांचं वेडच लागलं. आपटा आणि कांचन एकाच गोतातले, दोघांचंही पान मधोमध चिरलेलं. आपट्याचं पान लहान, जाडसर, खाच उथळ. कांचनाचं मोठं, मऊ, खाच खोल. ऐकायला सोपं, पण कोवळ्या रोपावर भलेभले फसतात. त्यांनी लावलेलं पहिलं झाड फाल्गुनात पानं गाळून गुलाबी फुललं. कांचन! दुसरं आश्विनात भर पानांत जांभळं फुललं. तोही कांचनच, फक्त दुसऱ्या जातीचा.

"झाडालेच पुसा ना, तुझं आडनाव काय म्हून," त्यांची बायको कौसल्या म्हणायची.

दुपारी मागावर बसले की धोटा इकडून तिकडे धावायचा आणि मनोहरराव उघड्या डोळ्यांनी स्वप्नात जायचे. ताण्याच्या धाग्यांतून एक झाड हळूहळू वर यायचं. त्याखाली दादा पाठमोरा उभा असायचा, टोपीवर पानं पडत असायची, आणि आवाज कसलाच नसायचा. मनोहरराव हाक मारायला जायचे, तेवढ्यात धागा तुटायचा. दादाची त्यांना फार आठवण यायची. हे ते कौसल्येलाही सांगत नसत.

तिसरं झाड पारशिवनीकडच्या जंगलातून आणलेल्या बियांचं. एका उन्हाळ्यात त्याला बारीक, फिकट पिवळी फुलं आली. आपटा! मनोहररावांनी खोडाला गाल टेकला आणि ते पोटभर रडले.

त्या दसऱ्याला ते धुतल्या पंच्यात फांदी गुंडाळून एसटीत बसले. वाटेत ऊन कोवळं होतं आणि बांधावरचं गवत डोलत होतं. आपण जागे आहोत की मागावर बसलो आहोत, हे त्यांना धड कळत नव्हतं.

बाबनरावांच्या फाटकाशी ते थबकले. अंगणात जांभळ्या फुलांनी लगडलेलं झाड उभं होतं. खाली पाठमोरे बाबनराव, टोपीवर पाकळ्या.

"दादा!"

या वेळी धागा तुटला नाही. बाबनराव वळले. मनोहररावांनी पाया पडून फांदी पुढे केली. "दारचं आहे, दादा. अस्सल आपटा."

बाबनरावांनी फांदी घेतली, पण नजर धाकट्याच्या तोंडावरून हलेना. "तू गेल्यावर मी ते पान उचलाले वाकलो गा. वाऱ्यानं कुठं नेलं होतं, सापडलंच नाही. मंग हे झाड आणून लावलं. दर दसऱ्याले वाट पाहून राहिलो."

"मले काहून नाही बोलावलं?"

"कोणत्या तोंडानं बोलावू?"

बाबनरावांनी आपट्याची फांदी काखेत धरली. कांचनाचं एक पान तोडलं, खोल खाचेचं, आणि ते मनोहररावांच्या हातात दिलं. मग आपला रिकामा तळवा भावापुढे पसरला.

"दे," ते म्हणाले. "त्या दिवशी घेतलं नव्हतं."