पेंढ्याचं रेडकू

लवूच्या थोरल्या मुलीचं, जानकीचं, लग्न झालं ते १९८४ साल. मांडव सोडून दोन दिवस झाले नाहीत तोच आरे कॉलनीतल्या सीतारामशेठच्या गोठ्यात म्हशींच्या तोंडातून लाळेच्या तारा गळायला लागल्या.

बुळकांडी, असं कुणीतरी म्हणालं. बुळकांडी शिरली की गोठाच्या गोठा आडवा होतो, हे कोकणातल्या लवूला लहानपणापासून ठाऊक. गिरणी बंद पडल्यावर धार काढायची ही नोकरी त्याला कशीबशी मिळाली होती. त्यात आजारी म्हशी एका रांगेतल्या नव्हत्या. एक या टोकाला, तर दुसरी पार त्या टोकाला. बाकीचे गडी आपापली रांग सोडत नसत. म्हैस पान्हा चोरायला लागली की मात्र साऱ्या गोठ्यात लवूलाच हाक पडायची.

"तुझाच हात सगळीकडे फिरतो," शेठ म्हणाला. "उद्या डॉक्टरीण येतेय. तिनं तुझं नाव घेतलं की तू घरी बस. वाट लावलीस माझी!"

घरी लवूला घास जाईना. बायको, सुगंधा, समोरच बसली होती.

"माझ्या हातान रेशमी मेली तर गे?"

"हात काय विषाचो आसा तुमचो? त्याच हातांनी जानकीक वाढवलास मा? जेवा आधी."

रेशमी त्याची लाडकी म्हैस. तिचं रेडकू दगावलं होतं आणि आता तिनं चाऱ्याला तोंड लावणं सोडलं होतं.

डॉक्टरीण म्हणजे उत्तरा, जनावरांच्या साथींवर संशोधन करणारी तरुण बाई. तिनं आधी रेशमीचं तोंड पाहिलं, मग पाय उचलून खुरांच्या बेचक्यात बोट घातलं.

"बुळकांडी नाही. इथे फोड आहेत, म्हणजे लाळ-खुरकूत. तपासणी करूच, पण मोठी जनावरं वाचतील बहुतेक."

लवू होता तिथेच बसला.

"अहो काका, शेणात बसलात!"

"बसांदेत बाय," लवू म्हणाला. "शेणाक काय होता?"

पण रोग पसरवला कुणी, हा शेठचा प्रश्न उरलाच. उत्तरानं खडूनं फरशीवर गोठा आखला आणि आजारी म्हशींच्या जागी फुल्या मारल्या. "शेजारणी धडधाकट, आणि रोग उड्या मारत चाललाय. मला धार काढताना बघायचंय."

दुपारची धार सुरू झाली. लवूनं रिवाजाप्रमाणे पेंढा भरलेलं रेडकाचं कातडं खांद्यावर घेतलं. रेडकू मेलेल्या म्हशीसमोर ते ठेवलं, की ती चाटते आणि पान्हा सोडते. एकीनं चाटून चाटून ते ओलंचिंब केलं. तिची धार झाल्यावर लवू ते तसंच उचलून दुसरीकडे निघाला.

"थांबा, थांबा! काका, हे कुणाकुणाकडे जातं?"

"जिचा रेडकू मेला, तिच्याकडे."

"आणि आजारी कोण पडल्या?"

लवूनं फरशीवरच्या फुल्यांकडे पाहिलं. प्रत्येक फुलीवरच्या म्हशीचं रेडकू मेलेलं होतं. त्यानं कातडं गरम तव्यासारखं खाली टाकलं.

"म्हणजे मीच..."

"तुम्ही काय, सगळेच गोठे हे करतात. एकीची लाळ दुसरीच्या तोंडात. जाळून टाका ते. आजारी म्हशी वेगळ्या बांधा, त्यांच्याकडून आलात की हात धुवा."

"जाळतोय, पण दूध कोण देणार? तू?" शेठ लवूवर खेकसला.

लवूनं आधी हात धुतले. रेडकू मेलेल्या एका निरोगी म्हशीपुढे त्यानं पेंड-भुशाच्या आंबोणाची पाटी ठेवली, कास कोमट पाण्यानं पुसली आणि तिच्याशी हळूहळू बोलत राहिला. म्हैस रुसून उभीच. शेठनं घड्याळ पाहिलं. मग बादलीत पहिली धार वाजली आणि पाठोपाठ फेस चढला.

"झकास!" उत्तरा हसली.

शेठनं घसा साफ केला. "उद्या वेळेवर ये रे लवू," एवढंच म्हणाला.

त्या रात्री लवूनं दोनदा भात मागून घेतला.

रेशमीनं आठवड्याभरात हिरवा चारा खाल्ला. त्या साथीत गोठ्यातली एकही म्हैस दगावली नाही. रेशमी मेली ती १९८९ साली, वसुबारसेच्या सकाळी, म्हातारपणानं.