एकोणीस नंबरच्या चॅनेलवरचं बदक

स्केटबोर्डवाली पोरं. खोडलं.

काळे कपडे घालून स्मशानात पुस्तकं वाचणाऱ्या मुली. खोडलं.

वाडग्यात थिजलेली मॅकरोनी.

"ओल्या बदका, रुसलास काय रे?"

अंगणात प्लास्टिकचे बुटके पुतळे मांडणारे म्हातारे. यापुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह.

मित्रांनो, मी एक जुना, ट्रकमधला रेडिओ आहे. माईकचं बटण दाबलं की मी बोलतो, सोडलं की ऐकतो. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या महामार्गालगतच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या फडताळावर माझा मुक्काम आहे. वरचं सगळं मी इथूनच पाहिलं आणि ऐकलं.

जन्माचं मला एवढंच आठवतं की, माझी शेवटची तार जोडताना कारखान्यातल्या बाईने जांभई दिली. मग हार्लन स्टकीने मला विकत घेऊन आपल्या ट्रकमध्ये बसवलं. आम्ही मका वाहिला, वासरं वाहिली. "हा ऐकतो तेवढं घरात कोणी माझं ऐकत नाही," असं म्हणत तो मला बाहीने पुसायचा. मी फुगून जायचो.

एकोणीस नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले दिवसभर बोलतात. पुढे धुकं आहे, पोलीस आहे, कॉफी पांचट आहे. तिथे खरं नाव कोणी सांगत नाही. प्रत्येकाचं हवेतलं एक नाव असतं. हार्लन तिथे ओलं बदक होता. त्याचा जिवलग म्हणजे मावशी. नाव मावशी, आवाज मात्र घोगऱ्या पुरुषाचा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हार्लन ट्रकच्या सीटवरच हृदय बंद पडून गेला. ट्रक विकला. त्याच्या मुलीने, कोरीनने, मला काढून घरी आणलं आणि फडताळावर जोडून ठेवलं. वर्तमानपत्रात बातमी आली ती हार्लन स्टकीची. हवेत त्या नावाचं कोणीच नव्हतं. त्यामुळे बदक कशावरून तरी रुसलंय असं समजून, गावावरून जाताना मावशीची हाक चालूच राहिली.

"बदका, मावशी चाललीय रे. अजून राग गेला नाही?"

कोरीनचा हात माझ्या माईकपर्यंत यायचा आणि परत जायचा. माझ्यावरची धूळ तेवढी वाढत गेली.

यंदा कॉलेजात ब्रँट बाईंनी काम दिलं: स्वतःची वेगळी भाषा, वेगळी रीत असलेला माणसांचा एक छोटा गट निवडा, त्यांच्यात मिसळा, त्यावर शोधनिबंध लिहा. कोरीन रोज विषय लिहायची आणि रोज खोडायची.

"अगं, फडताळावर बसलाय की तुझा विषय," तिची आई लॉरेटा म्हणाली.

"तो विषय नाही, आई. ते बाबा आहेत."

"उद्या विषय नाही दिलास तर बाई तुला ते बुटके देणार आहेत. मग बस मोजत."

कोरीन हसली नाही. हा विषय घेतला तर त्या माणसांशी बोलावं लागणार होतं, आणि पहिलं वाक्य कोणतं ते तिला ठाऊक होतं. घरात बाबा गेलेच होते. हवेत बदक अजून नुसतं रुसलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा खरखरलो.

"बदका, अरे काहीतरी बोल. शिव्या तरी घाल."

बटण दाबलं गेलं. "मी... बदकाची मुलगी."

"कोरीन? ती पुढचे दात पडलेली? पोरी, बापाला सांग, मावशीने कान धरलेत म्हणून."

"बाबा गेले, मावशी. दोन वर्षं झाली."

खरखर झाली. मग तीही थांबली. पलीकडे बटण दाबलेलं होतं. इंजिनाची घरघर तेवढी येत होती.

"म्हणजे मी दोन वर्षं मेलेल्या माणसाला टोमणे मारतोय होय गं?"

"मी ऐकत होते," कोरीन म्हणाली. "मला बरं वाटायचं." मग घाईने, "मला कॉलेजात तुमच्या लोकांवर लिहायचंय."

"लिही. पण बदकापासून सुरुवात कर. आणि काय ते पटकन विचार, टेकडीपलीकडे माझा आवाज पोचत नाही."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अधूनमधून पुसत जा. आणि त्यांच्यातून कोणी हाक मारत असेल, तर त्याला फार ताटकळत ठेवू नका.

हार्लन गेला त्या दुपारी मावशीने त्याला पहिल्यांदाच समोरासमोर जेवायला बोलावलं होतं, आणि तो "पोचतोच" म्हणाला होता.