भिंतीकडे तोंड केलेलं बंडाचं चित्र

मित्रांनो, तलवार उगारून दीडशेहून जास्त वर्षं कोणी उभं राहिलंय का? माझ्यातले शिपाई राहिलेत! मी अठराशे सत्तावन्नच्या बंडाचं एक जुनं छापील चित्र आहे, आणि मला क्षणभर चैन नाही.

लंडनमधल्या एका कारागिराने मला लाकडी ठोकळ्यावर कोरलं. हिंदुस्थान त्याने कधी पाहिलाच नव्हता. मधल्या गोऱ्या अधिकाऱ्याची मिशी त्याने केस न् केस कोरली; भोवतीच्या शिपायांना मात्र एकच चेहरा दिला, डोळे वटारलेला. खाली छापलं, 'क्रूर बंडखोरांचा शूर अधिकाऱ्यावर हल्ला'. वर्तमानपत्रातून मी घरोघर गेलं. काय वाहवा झाली माझी! मग वर्षानुवर्षं पेटीतला कुबट अंधार.

फिरत फिरत मी रियाधला, बत्हा बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानात आलं. तिथून, रियाधला नोकरी करणाऱ्या रत्नागिरीच्या यूनुसने मला घरी आणलं. पण नमाजाच्या खोलीत चेहऱ्यांचं चित्र नको, म्हणून त्याच्या बायकोने, सुरैयाने, मला लगेच भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पोटात एवढी लढाई, आणि समोर नुसती भिंत!

परवा त्यांच्या लेकीला, इफराला, शाळेच्या प्रदर्शनासाठी मी हवं होतं. सुरैयाने मला पहिल्यांदाच नीट वाचलं आणि ती भडकली.

"आपल्याच माणसांना क्रूर म्हणतात? इफरा, ही ओळ काप गो आधी!"

"नाहीतरी फ्रेम छोटीच आहे. यल्ला, चल, कात्री आण," यूनुस म्हणाला.

कात्रीचं गार पातं माझ्या कडेला लागलं. मित्रांनो, ती ओळ गेली असती, तर माझं खोटं कायमचं लपलं असतं!

"अब्बा, स्टॉप!" इफराने मला ओढलंच. "ओळ कापली तर उरलेलं चित्र खरं वाटेल ना! कोणाच्या बाजूने काढलंय, ते तिथेच तर कळतं. आणि अम्मी, चेहरे बघ. काय, सगळे जुळे भाऊ होते?"

"आणि मोठी फ्रेम तुझा मामा देणार?" यूनुसने विचारलं.

"नकोच फ्रेम!"

सुरैया वाकून बघत राहिली. मग तिला हसूच आलं. "खरंच गो, सगळ्यांची नाकं एका साच्यातली!" तिने यूनुसच्या हातातून कात्री काढून घेतली. "खलास. आहे तसंच ने."

आता मी शाळेच्या भिंतीवर आहे, त्या ओळीसकट. मुली नाक टेकवून मला बघतात, तावातावाने वाद घालतात. मित्रांनो, जुन्या चित्रांना उन्हापासून जपा, कसरीपासून जपा, कात्रीपासून तर जपाच. पण आम्ही सांगू ते सगळं मुकाट मानू नका. आमच्याशी खुशाल भांडा!