क्लचचा पाय

"बूट काढलेत तर मी तिथंच सगळ्या पाहुण्यांसमोर तमाशा करीन. आधीच सांगून ठेवते," मी म्हणाले.

अण्णा स्कूटीवर माझ्या मागे बसले होते. उत्तर द्यायचं नसलं की ते खाकरतात. आताही ते खाकरले, आणि आज माझं काही चालायचं नाही हे मला कळून चुकलं.

येरमाळ्याच्या पुढे हायवे सोडला की माळावर तो ट्रॅक आहे. माझ्या लहानपणी तिथं कुसळं आणि मेंढरं यांच्याशिवाय काही नव्हतं. जमीन कृष्णराजभैय्यांच्या घरची, पण नुसता खडक. भैय्या पुण्यात धंदा करून परत आले आणि त्यांनी त्या खडकावर वळणावळणाची, गुळगुळीत डांबरी सडक करून घेतली. ती कुठल्याच गावाला जात नाही. फिरून फिरून जिथून निघाली तिथंच येते. रविवारी पुण्या-हैदराबादची माणसं आपल्या गाड्या घेऊन येतात आणि तिच्यावरून बेफाम पळवतात. "पेट्रोल जाळायला येवढी जागा लागती व्हय?" असं आमची माय पहिल्यांदा म्हणाली होती. मग अण्णांना तिथंच काम लागलं आणि तिचं बोलणं बंद झालं.

काम कसलं, तर वाऱ्याने आलेली माती झाडायची आणि कुणाची गाडी कडेला रुतली की ट्रॅक्टर लावून ओढायची. आमचे अण्णा, धनाजी ड्रायव्हर, म्हणजे एके काळी येरमाळा-कळंब रस्त्यावरचं मोठं नाव होतं. उभी उमर त्यांनी काळी-पिवळी जीप चालवली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि जीपमध्ये बसायला माणूस उरलं नाही. जीप भंगारात गेली त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण पहिल्यासारखे नाही.

आणि त्यात हा पाय. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. गावभर लोकांच्या बोटाला सुई टोचून साखर बघत फिरते आणि माझ्या घरातला पेशंट माझंच ऐकत नाही. साखरेने अण्णांच्या डाव्या तळव्याची जाणीवच गेलेली आहे. मागच्या दिवाळीत बाभळीचा काटा आत मोडला होता आणि हे खुशाल घरभर हिंडत होते. फरशीवर रक्ताचे ठिपके बघून माय किंचाळली, तेव्हा यांना कळलं. ती जखम भरून आणता आणता माझा जीव मेटाकुटीला आला. धाराशिवच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, "अनवाणी एक पाऊल टाकू देऊ नका. आता दुसरी जखम झाली तर पाय वाचायचा नाही."

म्हणून मी त्यांना ते मऊ, रुंद, जाड तळाचे बूट आणून दिले होते. घरात, शेतात, संडासात, सगळीकडे ते बूट घालायचे. फक्त एका जागी त्यांचं मन मानत नसे. अण्णांनी जन्मात कधी वहाण घालून गाडी चालवली नव्हती. चपला काढून शिटाखाली सारायच्या, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा, मग चावी फिरवायची. "लक्ष्मी हाय ती. तिच्या अंगावर वहानंचा पाय द्यायचा व्हय?" असं म्हणायचे. ट्रॅक्टरवर त्यांनी बूट घालायला सुरुवात केली, तीही मी आठवडाभर अबोला धरला तेव्हा.

आता ही नवी भानगड. भैय्यांनी हैदराबादच्या कुणा नवाबाच्या नातवाकडून एक जुनी विलायती गाडी घेतली होती. गर्द हिरवी, दोघांपुरती, डोक्यावर छत नाही, आणि इतकी बुटकी की बसणाऱ्याचं बूड रस्त्याला घासतंय की काय असं वाटावं. अण्णांपेक्षा वयाने मोठी, पण पळायला लागली की कुणाला ऐकत नसे. भैय्या स्वतःच ती चालवत. मग त्यांच्या कमरेतली चकती सरकली आणि डॉक्टरांनी त्यांना त्या गाडीत बसायलाच मनाई केली. पाहुणे तर यायचे ठरलेले. भैय्या अण्णांना म्हणाले, "मामा, तुमचा हात गिअरवर बसल्याला हाय. रविवारी पाहुण्यांसमोर फिरवून दाखवा. जमलं तर हिथून पुढं गाडी तुमच्या हवाली. झाडझूड काय, कुणीबी करंल."

त्या दिवसापासून अण्णांचा नवरदेव झाला. जेवताना डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे-मागे सरकवून गिअर टाकायचे. माय म्हणायची, "पानी सांडायलंय, तुमची गाडी बाजूला घ्या." आणि ते लाजून हसायचे. किती दिवसांनी हसले होते! मला खरं तर पहिल्याच दिवशी जाऊन भैय्यांना सगळं सांगून टाकायचं होतं. मी चप्पल पायात घातली, तेव्हा अण्णा म्हणाले, "शिवे, तू सांगितलंस तर ती गाडी तर जाईलच, पर ट्रॅक्टरबी जाईल. मग म्या दिसभर काय करू? तूच सांग." मी चप्पल परत काढून ठेवली. शेवटी बुटांवर तोड निघाली, आणि राखण करायला मी बरोबर निघाले.

एप्रिलचं ऊन माळावर नुसतं भाजत होतं. पाहुणे मांडवाच्या सावलीत थंड पाणी पीत उभे होते. अण्णा धुतलेला पांढरा शर्ट घालून गाडीत बसले, बूट पायातच. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि येडेश्वरी देवीला म्हणाले, एवढं पार पाड.

गाडी सुरू झाली, हातभर पुढे उडाली आणि बंद पडली. पाहुण्यांमध्ये कुणीतरी हसलं. अण्णांनी परत सुरू केली. परत गचका, परत बंद. 

"काय झालं, मामा?" भैय्या जवळ गेले.

"पायडल लई जवळजवळ हायती, भैय्यासाहेब. बूट क्लचवर ठिवला की ब्रेकबी दाबायलाय."

"ऱ्हाऊ द्या मग. उतरा. दुसऱ्या कुणाला तरी बसवू."

भैय्या मऊपणानेच बोलले. आणि मला हायसं वाटलं. उतरा अण्णा, मी मनात म्हटलं, चार दिवस तोंड पाडून बसाल, पण पाय तरी राहील.

अण्णा उतरले नाहीत. खाली वाकले. एक बूट बाहेर आला, मग दुसरा. दोन्ही त्यांनी गाडीशेजारी नीट जोडून ठेवले. 

"अण्णा!" मी ओरडले. "अण्णा, बूट घाला!" कठड्यावरून पलीकडे जायला साडी आडवी आली. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. त्यांनी स्टेअरिंगला हात लावला, कपाळाला लावला आणि गाडी लोण्यासारखी निघाली.

मला गाड्यांमधलं काही कळत नाही. पण पहिल्या वळणाला ती हिरवी गाडी शिरली आणि बाहेर पडली, तेव्हा मांडवातल्या गप्पा थांबल्या. गिअर कधी बदलला ते कळत नव्हतं. नुसता आवाज खाली उतरायचा आणि परत चढायचा, भजनात बुवा सूर धरतात तसा. वाऱ्याने अण्णांचे पांढरे केस उभे राहिले होते. आमच्या समोरून जाताना त्यांचं तोंड दिसलं. लग्नाच्या फोटोतही ते इतके तरुण दिसत नाहीत. मनात राग होता, भीती होती, सगळं होतं, तरी मला रडू आलं ते अभिमानाने. शेजारचा पाहुणा मला म्हणाला, "कोण आहेत हे?" मी म्हणाले, "माझे वडील." जरा मोठ्यानेच म्हणाले.

भैय्यांनी थांबा म्हणून हात केला. अण्णा हसत पुढे निघून गेले. परत आले, परत निघून गेले. भैय्यासुद्धा हसायला लागले. "फिरू द्या मामांना," म्हणाले. 

शेवटी गाडी थांबली. टाळ्या वाजल्या. अण्णा उतरले आणि डांबरावरून चालत आमच्याकडे यायला लागले, सावकाश, रमतगमत. भर दुपारचं डांबर होतं ते. माझ्या चपलेच्या तळातून चटका बसत होता. आणि हे त्याच्यावरून असे येत होते, जसं काही सारवलेलं अंगण आहे. प्रत्येक डाव्या पावलामागे ओला ठसा उमटत होता आणि बघता बघता वाळत होता.

मी कठडा कसा ओलांडला मला आठवत नाही. भैय्या त्यांना मिठी मारून म्हणत होते, "मामा, गाडी तुमची! तुमच्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय!" मी तिथंच खाली बसले आणि अण्णांची पोटरी धरली.

"अण्णा, बसा खाली."

"थांब गं, मानसं बोलायलीत."

"बसा म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून भैय्या बाजूला सरले. अण्णा बसले. मी पाय उलटा केला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत कातडी सुटून आली होती. गाडीतला गिअरबॉक्सवरचा गालिचा धुवायला काढलेला होता आणि खालचा उघडा पत्रा इंजिनाने तापलेला होता. क्लच सोडला की अण्णा त्या पत्र्याला पाय टेकवून ठेवत होते. मी नंतर जाऊन त्याला बोट लावून बघितलं. क्षणभरसुद्धा ठेववलं नाही.

अण्णा स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "कवा झालं गं हे?"

पुढचे काही दिवस मी रोज पट्टी बदलत होते आणि अण्णा मला ट्रॅक सांगत होते. माझ्या हातात चिमटा आणि गॉज, आणि त्यांचं तोंड थांबत नव्हतं. "शिवे, आमचा जलम खड्डं चुकवन्यात गेला बघ. कळंब रोडला टापचा गिअर टाकला की लगीच काढावा लागतोय. आन तिथं? येक खड्डा न्हाय. कुनी हात करीना, कुनाला उतरवायचं न्हाय, 'ड्रायव्हर, थांबा' न्हाय. नुसतं जायाचं. येवढं असतंय, म्हाईतच नव्हतं गं." मी मान हलवत होते. जखमेला वास यायला लागला होता. मायला तो कळत होता. ती दारात उभी राहून पदर तोंडाला लावायची आणि आत निघून जायची.

सोलापूरच्या डॉक्टरने वेळ लावला नाही. तरुण होता, सभ्य होता. "गुडघ्याच्या खाली घ्यावा लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल," म्हणाला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग क्लच?"

डॉक्टरला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी अण्णांचा हात धरून म्हणाले, "अण्णा, आता बिनक्लचच्या गाड्या येतात की. एका पायावर चालतात."

"त्या आपल्या आपन चालत्यात, बाई," अण्णा म्हणाले. "त्यांला ड्रायव्हर कशाला पायजे?" आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाय गेला. घरी आणल्यावर गाव बघून गेलं. भैय्या आले, सफरचंदं घेऊन. कॉटजवळ खाली बसले, डोळे पुसले. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. ते म्हणाले, "मामा, पायाचं असं हाय हे म्हाईत असतं तर म्या बसवलंच नसतं." अण्णा म्हणाले, "म्हनूनच सांगितलं न्हाय." मग भैय्या म्हणाले, "गेटवर बसता का? सावली हाय, खुर्ची हाय. गाडी आली की नुसती दांडी उचलायची."

"काही गरज नाही," मी म्हणाले. "मी कमावती आहे. अण्णा घरी बसतील."

"बसतो म्या," अण्णा म्हणाले. त्यांनी गेटवर बसतो म्हटलं होतं. मी भांडले, आदळआपट केली. माय एवढंच म्हणाली, "जाऊ दे त्यांला. हिथं दिसभर आढ्याकडं बघत पडत्यात. मला बघवत न्हाय."

आता रविवारी मी त्यांना गेटवर सोडते. दांडीच्या एका टोकाला दगड बांधला आहे, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सैल सोडली की दांडी वर जाते, ओढून धरली की खाली येते. लहान लेकराला जमेल असं काम. गाड्या येतात, काळ्या काचा वर केलेल्या. आत कोण आहे दिसत नाही. अण्णा खुर्चीत बसून दोरी सोडतात, ओढतात.

मागच्या रविवारी मी निघणार एवढ्यात हायवेकडून ती हिरवी गाडी आली. आता ती रुद्रेश नावाचा सोलापूरचा माणूस चालवतो. वळताना गिअर खरखरला, माझ्यासुद्धा कानाला कळलं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी कुबडी काखेत घेतली आणि ते उभे राहिले.

"बसूनच सोडा की दोरी," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. उभं राहून दोरी सोडली. दांडी वर गेली. रुद्रेशने न बघताच हात वर केला आणि गाडी आत गेली. ती पहिल्या वळणाला लागली. आवाज खाली उतरला, परत चढला. अण्णा तिकडे बघत नव्हते. मान खाली घालून, डावा पाय असायचा तिथल्या जमिनीकडे बघत होते.

"अण्णा, दांडी घ्या खाली."

"तू जा, बाई. तुला उशीर व्हायलाय."

मी स्कूटी सुरू केली. हायवेला लागताना आरशात बघितलं. मागे एकही गाडी नव्हती. अण्णा तसेच उभे होते आणि दांडी वरच होती.