परत आलेला अकरावा

"अकराही जण सुखरूप परतले आहेत," असं सरकारच्या प्रवक्त्यांनी टीव्हीवर सांगितलं, तेव्हा संहिता शाळेच्या वह्या तपासत होती. तिचा धाकटा भाऊ मुकुल इंजिनिअर. ईशान्येकडच्या डोंगरांत रस्त्याचं काम चालू असताना एका सशस्त्र गटानं त्याला दहा सोबत्यांसकट उचलून नेलं, त्याला दीड महिना झाला होता. आता शांतता करार झाला होता आणि जाहीर झालेल्या यादीत मुकुलचं नाव चौथं होतं.

जुन्या इंदूरमधल्या त्यांच्या गल्लीनं पेढे वाटले. मुकुलचा फोन मात्र आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा सोबती सुशांत तिकडच्या इस्पितळातून बोलला.

"ताई, आम्ही दहाच सुटलो. मुकुलला फार ताप होता, चालवत नव्हतं. त्याला मागेच ठेवलं. मी इथल्या सरकारी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आकडा जाहीर झालाय."

संहितानं दिल्लीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची बाई नम्रपणे म्हणाली, "मॅडम, रेकॉर्डमध्ये ते परत आलेत. परत आलेल्या माणसाच्या बेपत्ता होण्याची तक्रार घेता येत नाही."

दोन दिवसांनी उदयसिंह नावाचे अधिकारी घरी आले. रविवारी इंदूरच्याच लालबागच्या मैदानावर मंत्रीजी येणार होते, सुटलेल्यांचा सत्कार होता.

"पण मुकुल आलेला नाही," संहिता म्हणाली.

"दिल्ली से लिस्ट आ गई है, दीदी, तो आ ही गए समझो. शाल आप ले लेना."

ती गेली. नाव पुकारल्यावर मंचावर चढली, शाल घेतली नाही, माइक घेतला. "माझा भाऊ अजून त्या जंगलात आहे. तुम्ही खोटं सांगितलंत," एवढं बोलली आणि माइक बंद झाला. साठ मुलांच्या वर्गाला गणित शिकवणारी बाई ती. माइकवाचून पुढचं सगळं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. पोलीस बायांनी तिला हाताला धरून खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी सरकारनं सुधारित निवेदन काढलं: एक कर्मचारी स्वेच्छेने मागे थांबला आहे.

वडील गोपीनाथराव चौतीस वर्षं सरकारी नोकरीत होते. सरकारविरुद्ध घरात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. "स्वेच्छेने," ते म्हणाले, आणि पेपरातल्या त्या शब्दाखाली पेनानं रेघ ओढली.

सुटकेच्या घोषणेनंतर बाराव्या दिवशी मुकुलचा फोन आला. सरकारी माणूस तिकडे फिरकलाच नव्हता. गावातल्या एका नर्सबाईनं त्या गटाशी भांडून त्याला सोडवलं होतं, आणि चार गावकऱ्यांनी बांबूच्या डोलीत घालून, दोन दिवस चालून, पोलीस चौकीपर्यंत आणलं होतं. त्याच दिवशी टीव्हीवर सांगितलं गेलं, की सरकारच्या अथक वाटाघाटींना आणखी एक यश आलं आहे.

मुकुल घरी पोचला त्या आठवड्यात उदयसिंह पुन्हा आले. आभाराचं पत्र टाइप करूनच आणलं होतं, फक्त सही हवी होती.

संहिता काही बोलणार, त्याआधीच गोपीनाथरावांनी कागद ओढला. "उदयसिंहजी, ह्यात त्या नर्सबाईंचं नाव घाला, मग सही करतो."

"बाबूजी, फॉरमॅट ऊपर से आया है. उसमें कुछ जोड़ नहीं सकते."

"मग सहीही वरूनच आणा."

उदयसिंह कागद घेऊन गेले. दोन दिवसांनी पेपरात आलं, की इंदूरच्या कुटुंबानं सरकारचे जाहीर आभार मानले.

मुकुलच्या पायांत अजून जोर नव्हता. तरी तो खाटेवरून उतरला, चपला शोधू लागला.

"कुठे निघालास?" संहितानं विचारलं.

"पेपरच्या ऑफिसात. तू रिक्षा बोलाव. नर्सबाईंचं नाव मला ठाऊक आहे, त्या चौघांचीही. छापत नाही म्हणाले तर तिथेच बसून राहू."

गोपीनाथराव सदरा घालून आधीच दारात उभे होते.