दुपारचा पहारा

पिंपळाच्या आडोशाला स्कूटर लावून कृष्णराजनं अंगातलं चमकीचं जाकीट काढलं, घडी न घालताच डिकीत कोंबलं आणि रुमालानं खसाखसा तोंड पुसलं. रुमालाला पावडर लागली. तो उलटा करून त्यानं पुन्हा पुसलं.

देवळातून टाळांचा संथ आवाज येत होता. म्हणजे वीणा उभी होती, कुणीतरी ती गळ्यात घेतली होती. त्याचा जीव जरा भांड्यात पडला.

सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि पुढचा आल्याशिवाय आधीच्याला जागा सोडता येत नाही. पहारे घरांना वाटून दिलेले असतात. त्याच्यासारख्या शाळेच्या गुरुजींना पहारा द्यायची रीत या गावात नव्हती. मास्तर माणूस, आज इथं, उद्या बदलीच्या गावी. यंदा बैठकीत सप्ताहाचं सगळं बघणाऱ्या उत्तरेश्वरकाकांनीच हट्ट धरला होता, "पोरांला अक्षर बी शिकवतो, भजन बी. गावचाच हाय तो." म्हणून आजची दुपार त्याच्या नावावर आली होती.

आणि दुपारी तो जवळच्या वाशीला, मित्राच्या साखरपुड्यात, हातात माइक घेऊन उभा होता. वेळ झाली हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. गाता गाता समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं होतं. पण खुर्च्यांमधून "अजून एक, सर" असा गलका झाला, आणि राहील की कुणीतरी उभं, असं मनात म्हणून त्यानं पुढचं गाणं धरलं होतं.

तो सभामंडपाच्या पायरीवर आला आणि थबकला. पोथ्यांच्या चौरंगासमोर गळ्यात वीणा घेऊन त्याचे वडील उभे होते. दुखऱ्या गुडघ्याचा पाय किंचित उचललेला, सगळा भार दुसऱ्यावर. काठी खांबाला टेकवलेली.

"अण्णा, तुम्ही कधी आलात?"

तारेवरचं बोट न थांबवता रामकिसननी डोळ्यांनीच खुणावलं, पाय धुवून ये.

तो पाय धुवून आला. वडिलांनी वीणा आपल्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातली आणि मग ते वाकले. गुडघा साथ देईना, तेव्हा एक हात फरशीवर टेकला, दुसरा मुलाच्या पावलांना लावून कपाळाला नेला. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पाया पडायचं; तिथं बाप-लेक नसतं, सासू-सून नसते. लहानपणापासून त्यानं हे बघितलं होतं, त्यात त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज त्याला पाय मागं घ्यावेसे वाटले. पण वीणेकऱ्यानं जागचं हलायचं नसतं.

वडील काठी घेऊन सावकाश बाहेर गेले.

मग एकेक जण येऊन वाकू लागला. त्याच्या वर्गातल्या दोन मुली येऊन गेल्या. आधीचा पहारा ज्याचा होता तो शिवप्पा आला. पाया पडून हळूच म्हणाला, "गुरुजी, नशीबवान हाव तुमी. तुमच्या वडलांनी सांगितलं समदं. म्हणले, म्याच पोराला सांगितलं, औंदाचा तुझा पहारा मला दे, माझा नवस हाय. म्हणून मुद्दाम आले म्हणं परंड्याहून. बरं केलंत, बापाचा नवस फेडू दिला."

कृष्णराजचं बोट तारेवरून घसरलं. नवस? देवाशी सौदा करायचा नसतो म्हणून आईचे सगळे नवस मोडीत काढणारा माणूस तो.

पुढचा पहारेकरी आला, तेव्हा वीणा देऊन, त्याच्यापुढं वाकून कृष्णराज आईला शोधत जवळजवळ पळतच मंडपामागं स्वयंपाकाकडं गेला. आई, धुरपदाबाई, गावातल्या बायकांबरोबर चपात्या लाटत बसली होती. त्याला बघून तिनं लाटणं थांबवलं नाही.

"आलास? आमी आपलं अचानक यावं, पोराला बरं वाटंल म्हणून. येडशीच्या स्टँडवर माकडानं केळी नेली, अन् हितं तुज्या दाराला कुलूप."

"आई, अण्णा नवस कधी बोलले?"

ती पोळपाट घेऊन जरा बाजूला सरकली. आवाज खाली आला.

"आमी आलो तवा शिवप्पा उभा राहून राहून वाकला व्हता. लोक कुजबुजत व्हते, मास्तरला उगंच मान दिला म्हणून. ह्येंनी वीणा घेतली गळ्यात. कुणीतरी इचारलं, गुरुजी कुठायत? तर ह्ये बोलून गेले." तिनं चपाती परातीत टाकली. "माळ घातल्यापासनं हा माणूस चहाच्या टपरीवर बी खोटं बोलला न्हाय, किस्ना. आन् आज वीणा गळ्यात असताना बोलला. पंगतीला बी बसला न्हाय. पाणी न्हेलं तर नगं म्हणला."

"कुठंयत?"

"बघ जा."

रामकिसन मंडपाच्या बाहेर, जिथं लोक चपला काढत होते तिथं, भिंतीला टेकून बसले होते. आत संध्याकाळच्या कीर्तनाची बैठक लागत होती. मृदंगाला कणीक लागत होती, टाळकरी रांगेत उभे राहत होते. कीर्तन म्हटलं की हा माणूस कीर्तनकाराच्या अगदी पुढ्यात बसायचा, चरण सुरू व्हायच्या आत डोळे मिटायचा.

"अण्णा, आत चला."

"हितं बरंय."

"दुपारचं मी काकांना सांगतो. माझी चूक—"

"सांगून माझं बोलनं माघारी येतं व्हय?" ते रागावून बोलले नव्हते. "तू जा. पेटीवर बस. तुजं ऐकायलाच आलोय."

कृष्णराज आत गेला, पण पेटीवर बसला नाही. उत्तरेश्वरकाका माइकची वायर ओढत होते.

"या गुरुजी. पेटी वाट बघतीया तुमची."

"काका, दुपारी मी वाशीला गाणं म्हणत होतो. मित्राच्या साखरपुड्यात. पहारा माहीत असून थांबलो. अण्णांचा नवस वगैरे काही नाही."

काकांनी वायरचा गुंता सोडवला, टोक खाली ठेवलं.

"म्हाईत हाय."

"कसं काय?" कृष्णराजनं विचारलं.

"तुमचं गाणं चालू व्हतं तवाच कुणीतरी ग्रुपवर टाकलं. मंडपात समद्यांनी बघितलं. जाकीट झ्याक व्हतं."

"शिवप्पांनी पण?"

"त्येनंच मला दावलं."

कृष्णराजला आपल्या पावलांवर टेकलेली एकेक कपाळं आठवली. त्यानं नकळत पाय जवळ घेतले.

"मग कुणी काही बोललं कसं नाही?"

"काय बोलायचं? तुमचे वडील बोलले तवा वीणा व्हती त्यांच्या गळ्यात. त्या वक्ताला त्यांला खोटं पाडायचं तोंड कुणाला हाय?" काका जवळ आले. "एक करा. आमाला म्हाईत हाय, हे त्यांच्या कानावर घालू नका. पाहुणं माणूस. मनाला लावून घेतील."

कृष्णराज पुन्हा बाहेर आला. वडील बसल्या बसल्या समोरच्या चपलांच्या जोड्या लावत होते, ज्याची त्याच्याशेजारी.

"काय म्हणले काका?"

"आत बोलावलंय तुम्हाला."

"नगं. हितनं ऐकू येतंय." एका लहान चपलेचा जोड सापडत नव्हता, तो ते शोधत राहिले. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "त्यांला कळलंय का काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. शब्द जिभेवर तयार होता, आणि काकांनीही तोच दिला होता. आतून माइकवर हाक आली, "गुरुजी, या, चाल धरा."

तो वडिलांशेजारी खाली बसला.

"कळलंय, अण्णा. दुपारीच. समद्या गावाला."

रामकिसनचे हात थांबले. त्यांनी मंडपाकडं बघितलं. टाळकऱ्यांच्या रांगेतून शिवप्पा इकडंच बघत होता. नजरानजर झाली तशी त्यानं मान खाली घातली. उपरण्याच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं.

"बरं झालं, कुणी फसलं तरी न्हाय," ते म्हणाले, आणि मुलापुढं हात केला. "ऊठव मला. आता आत बसता यील."